पत्र्याच्या डबीतला शिवणसंच : माझा अनुभव

प्रवासात सुई-दोरा लागतो तो ठरावीक कामांसाठीच. शर्टाची गुंडी तुटते, पँटची खालची दुमड उसवते, बगलेतली शिवण सुटते, बॅगेच्या पट्ट्याचे टाके निघतात. एवढी कामं नीट होतील आणि खिशात मावेल असा संच मला हवा होता. तयार संच मी वापरून पाहिले होते. त्यांत रंग भरपूर, पण दोरा कच्चा. गुंडी लावून शेवटची गाठ आवळायला जावं, तर तो हातात तुटून यायचा. सुयाही सगळ्या एकाच जाडीच्या. म्हणून घरातल्याच एखाद्या रिकाम्या डबीपासून संच करायचा ठरवला.

हाताशी तीन गोष्टी होत्या: औषधाच्या गोळ्यांची बाटली, चष्म्याचं जुनं घर आणि पेपरमिंटची पत्र्याची डबी. बाटली लगेच बाजूला ठेवली, कारण एक सुई काढायची तर सगळं ओतावं लागतं. चष्म्याचं घर खरंच चांगलं. त्यात लांब कात्रीही मावते आणि आतून मऊ अस्तर असतं. प्रवासात भरतकाम करणाऱ्यांनी तेच घ्यावं. मला मात्र पत्र्याची डबी पसंत पडली. साधारण साडेनऊ सेंटिमीटर लांब, सहा रुंद आणि दोन खोल. झाकण बिजागरीला जोडलेलं असल्यामुळे हरवत नाही, आणि उघडली की डबीचे दोन तबक होतात. शिवाय हा पत्रा म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेलं पोलाद असतं, त्यामुळे त्याला चुंबक चिकटतो. ॲल्युमिनियमच्या डबीला चिकटत नाही, म्हणून डबी घेतानाच चुंबक लावून पाहिलेलं बरं.

डबी साबणाच्या कोमट पाण्याने धुतली. पेपरमिंटचा वास राहिला होता, म्हणून खाण्याचा सोडा भरून रात्रभर तशीच ठेवली आणि मग दोन्ही बाजू उघड्या ठेवून उन्हात पूर्ण वाळवली. इथे घाई करू नये. बिजागरीत आणि काठाच्या वळलेल्या पत्र्यात पाणी लपून बसतं, आणि गंज तिथूनच सुरू होतो. मग कापसाचा बोळा काठावरून फिरवला. जिथे कापसाचे तंतू अडकतात तिथे पत्र्याला धार आहे असं समजायचं, कारण दोराही नंतर तिथेच अडकणार असतो. तेवढीच जागा बारीक पॉलिश पेपरने घासली. घासल्यावर मुलामा जातो आणि खालचं पोलाद उघडं पडतं, म्हणून त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिला.

आतलं अस्तर हा या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग. बहुतेक जण इथे स्पंज चिकटवतात. मी तो टाळला, कारण पॉलियुरेथेनचा स्पंज काही वर्षांत चिकट होतो, त्याचा भुगा पडतो आणि तो सुयांना लागतो. गरम करून लावायचा गोंदही नको होता. उन्हात तापलेल्या बॅगेत तो मऊ पडून सुटू शकतो. म्हणून गोंदाशिवाय करायचं ठरवलं. डबी कागदावर ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढली, तिच्या आतून दोन मिलिमीटर सोडून जाड पुठ्ठा कापला आणि डबीत बसवून पाहिला. कोपरे गोल असतात, त्यामुळे ते थोडं थोडं कापत जुळवावे लागले. मग पुठ्ठ्यापेक्षा सगळीकडून दीड सेंटिमीटर मोठं लोकरी फेल्ट कापलं, पुठ्ठ्यावर ताणलं आणि मागच्या बाजूने आडवे-उभे लांब टाके घालून आवळून घेतलं. कोपऱ्यांवर आधी धावदोरा घालून चुण्या ओढल्या की फेल्ट सपाट बसतं. हा तुकडा झाकणात दाबून बसवला की घट्ट राहतो, आणि कधी मळला तर नखाने उचकटून काढताही येतो. फेल्ट आणि पुठ्ठ्याच्या मधे एक छोटा चपटा चुंबक ठेवला. तो पत्र्याला धरून अस्तर जागच्या जागी ठेवतो, आणि शिवताना क्षणभर सुई खाली ठेवायची झाली तर ती झाकणावरच चिकटून राहते. हलत्या गाडीत याचं मोल फार आहे. ज्यांच्या शरीरात पेसमेकर आहे त्यांनी मात्र चुंबक वगळावा, कारण संच छातीजवळच्या खिशात जाऊ शकतो.

सुया निवडायला वेळ दिला, आणि तो सार्थकी लागला. हातशिलाईच्या सुयांचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. मी 9 क्रमांकाची पातळ कापडासाठी, 7 क्रमांकाची रोजच्या कामाला आणि 5 क्रमांकाची जाड कापडासाठी घेतली. सोबत एक मोठ्या नेढ्याची भरतकामाची सुई, आणि एक वरून खाच असलेली, जिच्यात दोरा दाबून बसवता येतो. या खाचेच्या सुईचा मी पुरस्कार करणार नाही. त्या खाचेत दोरा घासून तंतू सुटतात. पण नजर अधू असेल किंवा उजेड कमी असेल, तर ती सोयीची पडते, म्हणून एक ठेवली. सगळ्या सुया फेल्टमध्ये दोनदा टोचून आडव्या लावल्या, नेढी एकाच बाजूला. दोन सुयांत काळा आणि पांढरा दोरा आधीच ओवून ठेवला आणि तो सुईच्या दोन्ही टोकांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळला. घरच्या उजेडात ओवलेली सुई प्रवासात मिळाली की निम्मं काम झालेलं असतं.

दोऱ्यासाठी मुदत संपलेलं एक भेटकार्ड वापरलं. बँकेच्या कार्डासारखी ही प्लास्टिकची कार्डं ठरलेल्या मापाची असतात, 85.6 बाय 54 मिलिमीटर, त्यामुळे ते या डबीत नेमकं बसतं. लांब कडांवर समोरासमोर तीन-तीन मिलिमीटरच्या खाचा कापल्या आणि प्रत्येक जोडीत एक रंग गुंडाळला. खाचांमधलं अंतर 48 मिलिमीटर उरतं, म्हणजे एक वेढा जवळजवळ 10 सेंटिमीटरचा. 50 वेढे घातले की 5 मीटर होतात. एका गुंडीला साधारण अर्धा मीटर दोरा लागतो, तेव्हा हे पुष्कळ झालं. वेढे फार ताणून घालू नयेत, कार्ड वाकतं.

रंग सहाच घेतले: काळा, पांढरा, गडद निळा, तपकिरी, फिकट बदामी आणि मध्यम राखाडी. या राखाडीवर माझा फार विश्वास आहे. जो रंग आपल्याकडे नाही, त्या कापडावर तो बहुतेक वेळा खपून जातो. दोरा पॉलिएस्टरचाच घेतला. सुती दोरा दिसायला सुंदर, पण जुना झाला की कुजतो. रिळावरचा हातभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका दिला की त्याची अवस्था लगेच कळते. बॅगेच्या पट्ट्यासाठी मेण लावलेला डेंटल फ्लॉस एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून घेतला. तो भरतकामाच्या सुईत सहज ओवला जातो. मधमाशांच्या मेणाचा नखाएवढा तुकडाही ठेवला. दोरा त्यावरून एकदा ओढला की गुंता कमी होतो.

गुंड्या सुट्या ठेवल्या तर डबी खुळखुळते, म्हणून त्या सेफ्टी पिनमध्ये ओवल्या. शर्टाच्या पुढच्या गुंड्या साधारण 11 मिलिमीटरच्या असतात, त्या दोन. कॉलरची छोटी एक, पँटची मोठी एक. शिवाय एक टिचबटण, एक हूक-आय आणि आणखी दोन सेफ्टी पिना. अंगुस्तान फार जागा खातं, त्याऐवजी जुन्या पट्ट्यातून कापलेला चामड्याचा तुकडा घेतला. सुई ढकलायला तो पुरतो.

कात्रीचा प्रश्न विमानामुळे येतो. अमेरिकेच्या नियमांत पात्यांच्या खिळ्यापासून 4 इंचांपेक्षा कमी लांबीची कात्री केबिनच्या सामानात चालते, युरोपीय संघात 6 सेंटिमीटरपर्यंतची. आत पातं लपवलेला गोल दोराकाप अमेरिकेत केबिनमध्ये चालत नाही, मग तो कितीही छोटा असो. देश बदलला की नियम बदलतात, आणि शेवटचा शब्द तपासणीवरच्या अधिकाऱ्याचा. म्हणून मी डबीत कात्री ठेवलीच नाही. नेलकटरने दोरा स्वच्छ तुटतो, आणि तो बहुतेकांच्या सामानात असतोच. हा संच मात्र त्यामुळे कापड कापायच्या कामाचा नाही, हे ध्यानात ठेवावं.

झाकणाच्या बाहेरची सजावट मी केली नाही. कापड चिकटवलं तर बिजागरी नीट वळत नाही आणि झाकण अर्धवट बसतं. ज्यांना हौस आहे त्यांनी फक्त वरच्या सपाट भागावर, काठापासून पाच मिलिमीटर आत राहून करावी. बंद डबीवर एक रुंद इलॅस्टिक चढवलं आणि ती जोरजोरात हलवली. काही वाजलं नाही, तेव्हा काम झालं असं मानलं.

पुढच्या प्रवासात बॅगेच्या पट्ट्याची शिवण उसवलीच. फ्लॉस ओवला, जुन्या भोकांतूनच उलटी टीप घातली, सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके एकाच जागी घेतले. पट्टा अजून धरून आहे. घरी आल्यावर डबीत दोन गोष्टी केल्या: संपलेला फ्लॉस पुन्हा गुंडाळला आणि काळा दोरा ओवून ठेवलेली सुई बदलली. आता चष्म्याचं घर बाहेर काढून ठेवलं आहे, बहिणीच्या भरतकामासाठी. तिची सहा इंची कात्री त्यात तिरकी बसते का, ते आधी मोजायचं आहे.