करंजावरचा नर: शेवटची कात आणि दहा अंशांचा घोळ

करंजाच्या झाडावर मिळालेल्या ज्या उड्या मारणाऱ्या कोळ्याला मागच्या नोंदीत मी ‘प्रौढ नर’ म्हटले होते, तो प्रौढ नव्हताच, हे आधी कबूल करतो. पाल्प (तोंडाजवळचे पायांसारखे दोन छोटे अवयव) मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखे फुगलेले होते, पण एम्बोलसचा, म्हणजे प्रौढ नराच्या पाल्पावरील शुक्राणू सोडणाऱ्या टोकाचा, मागमूस नव्हता. नळीत ठेवून त्याला केळ्याच्या सालीवर वाढवलेली चिलटे खाऊ घातली. सोळाव्या दिवशी त्याने रेशमी कोशात स्वतःला कोंडून घेतले आणि तो कात टाकून बाहेर आला, तेव्हा दोन्ही पाल्पांवर काळेभोर, बाकदार एम्बोलस दिसत होते. त्या रात्री जेवण थंड झाले, त्याची खंत नाही.

पोटावरचे निळसर पट्टे इथेनॉलमध्ये फिके पडतात, म्हणून आधी जिवंतपणीच फोटो काढले, मग ७० टक्के इथेनॉल आणि डावा पाल्प वेगळा.

खरा छळ इथून सुरू झाला. प्रजाती ओळखायची ती पाल्पाच्या आकारावरून, पण पाल्प दहा अंशांनी जरी कलला, तरी एम्बोलसचा बाक बदलतो आणि टिबियावरचा (पाल्पाच्या एका खंडावरचा) काटा आखूड दिसतो. पहिल्या संध्याकाळचे तीन स्टॅक (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून केलेली चित्रे) शेजारी ठेवले तर तीन वेगळ्या प्रजाती वाटाव्यात: एकात तो सरळसरळ आपला नेहमीचा फिंटेला व्हिट्टाटा, तर दुसऱ्यात प्रजातींच्या प्रकाशित वर्णनांतल्या कोणत्याच आकृतीशी न जुळणारा. बारीक वाळूत रोवून पाहिला, पण बशीला धक्का लागला की वाळू सरकते. त्यात ऑनलाइन मागवलेल्या ‘अतिसूक्ष्म’ चिमट्याची टोके एकमेकांना भेटतच नाहीत. घड्याळजीकडून घेतलेला जुना चिमटा त्याहून शतपटीने बरा. शेवटी करोनाकाळात उरलेले पारदर्शक सॅनिटायझर जेल उपयोगी पडले. बुडबुडे सुईने काढून त्यात पाल्प रोवला, वरून इथेनॉल सोडले आणि तो तासभर तसूभरही हलला नाही. काट्याचे टोक आकड्यासारखे वळलेले आहे. व्हिट्टाटाच्या आकृत्यांत मला असे टोक दिसत नाही.

तुकाराम ओंबळे यांच्या नावाचा इसियस तुकारामी आणि फिंटेला चोलकेई या उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या नव्या प्रजातींची वर्णने २०२१ मध्ये मुंबई-ठाणे परिसरातूनच झाली, त्यामुळे कंपाउंडमधल्या झाडावर नवी प्रजाती मिळणे अशक्य मानण्याचे कारण नाही. मात्र एका नराच्या एका काट्यावर दावा करणे हा उतावळेपणा ठरेल. आज रात्रीच तज्ज्ञांना फोटो पाठवणार होतो, पण हे लिहिता लिहिता सुचले की उजवा पाल्प अजून जागेवरच आहे: त्याचेही टोक तसेच वळलेले नसेल, तर हा केवळ कात टाकताना आलेला दोष असू शकतो. तेव्हा पत्र थांबवले, जेलची दुसरी बशी भरून ठेवली. एपिगाईन (मादीच्या पोटाखालचा जननावयव) पाहायला मादीही हवी. उद्या पहाटे त्याच फांदीखाली पांढरी छत्री उलटी धरून झाड झटकणार आहे.