समज देऊन मिटवलं

“मुलांची मस्करी हो, समज देऊन मिटवू.” रेक्टर बोलले, आणि मान कोणी डोलावली? ज्याचं रॅगिंग झालं, त्याच पोराच्या काकांनी! वर म्हणाले, “आम्हीही सोसलंय.”

राज्यात रॅगिंगविरोधी कायदा 1999पासून आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने 7 दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर निलंबन, आणि प्रकरण पोलिसांकडे. शिक्षा 2 वर्षांपर्यंत. टाळाटाळ केली तर प्रमुखावरही शेकतं.

घोडं अडतं तोंडी तक्रारीपाशी. कागदच नाही, तर 7 दिवस मोजायचे कुठून? तारीख, वेळ, खोली, नावं लिहून द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.

अर्ज पोरानेच द्यावा असंही नाही. पालक, शिक्षकही देऊ शकतात. पण सोसण्याचंच कौतुक असलेल्या घरात तो लिहिणार कोण?