डिबगरमध्ये दोन दिवस नुसतं स्टेप स्टेप करत बसले, माझा अनुभव

सी प्लस प्लसचा जुना प्रोग्राम, ग्राहकांच्या ४०,००० रेकॉर्डची फाइल वाचायचा आणि मधेच सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत नको तिथे हात घातल्याची चूक) देऊन पडायचा. जीडीबी (प्रोग्राम मधेच थांबवून आत बघता येणारा डिबगर) लावून बॅकट्रेस, म्हणजे पडताना कुठलं फंक्शन कुठून बोलावलं होतं त्याची यादी, काढला, रेकॉर्डमधला एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) बिघडलाय हे पाच मिनिटांत कळलं. पण बिघडवतंय कोण? यात दोन दिवस गेले आणि अजून आठवलं की चिडचिड होते, कारण मला सगळ्यांनी "स्टेप करत जा (म्हणजे एकेक ओळ चालवत जा), सापडेल" एवढंच सांगितलं होतं.

रेकॉर्ड वाचणाऱ्या लूपमध्ये ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबावा ती खूण) टाकला आणि लागले स्टेप दाबायला. ओळीत स्ट्रिंग असली की स्टेप सरळ लायब्ररीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ती स्ट्रिंग तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये) शिरतं, फिनिश करून, म्हणजे ते फंक्शन संपवून, बाहेर यावं तर पुढच्या स्टेपला दुसऱ्याच आर्ग्युमेंटच्या कन्स्ट्रक्टरमध्ये. (स्किप कमांडने लायब्ररीच्या फाइल्स वगळता येतात, हे मला फार उशिरा कळलं.) दोनशे-तीनशे रेकॉर्ड झाले की हात आपोआप चालायचा आणि डोळे काहीच वाचत नव्हते. आपल्याला प्रोग्रामिंग जमतच नाही असं वाटायला लागलं होतं.

शेवटी टीममधल्या एका ताईंनी दाखवलं. इग्नोर १ १००००० द्यायचं, म्हणजे पहिला ब्रेकपॉइंट लाख वेळा आला तरी थांबू नकोस, आणि रन. प्रोग्राम काही सेकंदांत पडला, मग इन्फो ब्रेकपॉइंट्स बघितलं तर तिथे आकडाच लिहिलेला, ३१,२०७ वेळा इथून गेलो! मग इग्नोर १ ३१२०६ देऊन परत रन, की बरोब्बर त्याच रेकॉर्डवर थांबतो. फाइल तीच हवी, नाहीतर आकडा बदलेल.

तिथे थांबल्यावर त्या बिघडणाऱ्या पॉइंटरवर वॉच लावला (त्याची किंमत बदलली की प्रोग्राम थांबतो) आणि कंटिन्यू. थांबला तो स्ट्रकॉपीच्या (जागा पुरते का हे न बघता मजकूर कॉपी करणाऱ्या फंक्शनच्या) आत, फिनिश केल्यावर आमची ओळ समोर. गावाच्या नावाला २४ बाइट जागा आणि बाकी फाइल इंग्रजीत असताना या एका रेकॉर्डमध्ये देवनागरीत "कोल्हापूर". काना-मात्रा, हलन्त सगळं मोजून ९ चिन्हं, युटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) प्रत्येकी ३ बाइट म्हणजे २७, शेवटचा शून्य धरून २८. वरचे ४ बाइट शेजारच्या पॉइंटरवर सांडले. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले, इतकं हलकं वाटलं.

हो, आणि या सगळ्याआधी बिल्ड ऑप्टिमायझेशन (वेगासाठी कंपायलर कोडमध्ये करतो ते फेरफार) बंद करून करा, मी पहिला अर्धा दिवस ते चालू असलेल्या ओ-टू बिल्डवर घालवला, तिथे ओळी मागेपुढे उड्या मारतात आणि व्हेरिएबल विचारलं की "ऑप्टिमाइझ्ड आउट". लूपच्या शेवटी अडकलात तर नेक्स्टऐवजी (फंक्शनच्या आत न शिरता पुढच्या ओळीवर नेणारी कमांड) अनटिल, तो परत वर न जाता लूप संपवूनच थांबतो. वॉच लावताना मायनस एल द्या, नाहीतर फंक्शन संपलं की लोकल व्हेरिएबलवरचा वॉच आपोआप निघून जातो. आणि एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर) हार्डवेअर वॉचसाठी, म्हणजे प्रोसेसर स्वतः लक्ष ठेवतो त्या वॉचसाठी, रजिस्टर चारच असतात, त्यामुळे दहा ठिकाणी लावत बसू नका.