आता बरी आहेस ना, मग टीम परत का घेत नाहीस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की माणसागणिक माझं उत्तर ठरून गेलंय. ऑफिसातल्या मैत्रिणींना मी सांगते, मुलाकडे लक्ष द्यायचंय. नणंदेला सांगते, डॉक्टर नको म्हणतात. वरिष्ठांना सांगते, अजून थोडे दिवस द्या. तिन्ही उत्तरं अर्धीमुर्धीच खरी आहेत. मुलगा सोळा वर्षांचा आहे, मी त्याच्याकडे सारखं लक्ष दिलेलं त्याला आवडत नाही. डॉक्टरांनी नको असं कधीच म्हटलेलं नाही. आणि थोडे दिवस म्हणजे किती, ते मलाच ठाऊक नाही.

महिनाअखेरीला कंपनीचे हिशेब जुळवणारी टीम मी सांभाळायचे, किती वाजता घरी यायचे, आणि दुखण्यानंतर ती सोडून खालच्या जागेवर आले, हे तुम्हाला माहीत आहे. ते पुन्हा उगाळत नाही. फक्त एक गैरसमज आधी दूर करते. मला कुणी राबवून घेतलेलं नव्हतं. "कंपनीने पिळून घेतलं हिला" असं कुणी म्हटलं की मला राग येतो, कारण त्यात मी बिचारी ठरते. मला ते काम आवडायचं. महिनाअखेरीला रात्री शेवटचा फरक सापडतो, दोन्हीकडची बेरीज एक येते, आणि फोनवरची बारा माणसं एकदम सुटल्यासारखा श्वास टाकतात. तो एक क्षण मला महिनाभर पुरायचा. घरी त्या तोडीचं काही मिळत नव्हतं. हे लिहिताना हात अडखळतो, पण खरं तेच आहे. घरातली कुठलीच गोष्ट अशी जुळून संपत नाही.

त्या वर्षी ऑफिसात आरोग्य तपासणी झाली होती. नर्सने दंडाला पट्टा बांधला आणि सांगितलं, पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर टेकवा, बोलू नका. मी दुसऱ्या हाताने मेसेज लिहीत होते. बीपी आलं १६८/१०४. तिने थांबून पुन्हा घेतलं, १६४/१०२. १४०/९० च्या वर गेलं की डॉक्टरांना दाखवायचं असतं, हे मलाही माहीत होतं. "जिना चढून आलेय," मी म्हणाले. मी लिफ्टने आले होते. तिने कागदावर लाल पेनाने गोल केला. तो कागद मी बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि तो सात महिने तिथेच राहिला. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. वाढलेलं बीपी बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही, आणि मला तेच सोयीचं होतं.

आता त्या रात्रीचं सांगते. ती मी कुणालाच पूर्ण सांगितलेली नाही.

तिमाहीची शेवटची रात्र होती. नवरा कामासाठी बाहेरगावी होता. मुलगा त्याच खोलीत, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, कानात इअरफोन घालून अभ्यास करत होता. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. दहा वाजून गेले होते. टीममधल्या सगळ्यात धाकट्या मुलाने फोनवर विचारलं, "मॅडम, फरक कुठल्या ओळीत दिसतोय?" मला दिसत होता. कर्सर त्याच ओळीवर होता. सत्तावन्न म्हणायला मी तोंड उघडलं आणि "सत" एवढंच बाहेर आलं. मग "सत्रा". मग "सता, सता". आणि मग स्वच्छ, ठणठणीत आवाजात "खिडकी".

शब्द आठवत नाही असं आपलं अधूनमधून होतं. हे तसं नव्हतं. आकडा समोर होता, मनात होता, मला त्याबद्दल कसलीच शंका नव्हती. तोंड माझं ऐकत नव्हतं. मी पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा खिडकी. माऊसवरचा उजवा हात जाड मोजा घातल्यासारखा झाला होता. बोटं होती, पण बटण लागत नव्हतं.

मुलाने एका कानातला इअरफोन काढला आणि तो हसायला लागला. "आई, काय बोलतेयस! सता सता खिडकी!" त्याने माझी हुबेहूब नक्कल केली. त्याला वाटलं मी कुणाची तरी गंमत करतेय. मीही हसायचा प्रयत्न केला. तिकडून फोनवर आवाज येत होता, "मॅडम, तुमचा आवाज तुटतोय."

मी उठून बाथरूममध्ये गेले आणि कडी लावली. आरशात बघून हसले, तर उजवीकडचा ओठांचा कोपरा जागचा हलला नाही. नळ सोडला. डाव्या हाताने तोंडावर पाणी मारलं. एकपासून मोजायला लागले आणि सातावर अडकले. सात, सात, सात. नळाखाली एक निळी बादली होती, ती भरून वाहायला लागली. नळ बंद करावा हे कळत होतं, पण मी मोजत राहिले. दहा मिनिटं गेली असतील, बाराही असतील. मग आठ आले. नऊ आले. ओठाचा कोपरा वर गेला. मी आरशाकडे बघून सत्तावन्न म्हणाले, चार वेळा, बिनचूक.

मग मी नळ बंद केला, तोंड पुसलं, आणि परत जाऊन फोनवर बसले. "सॉरी, नेट गेलं होतं. ओळ सत्तावन्न."

पावणेबाराला आकडे जुळले. बारा माणसांनी श्वास टाकला. मीही टाकला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. पुढचं लिहितेय ते तुम्ही एवढ्यावर थांबणार नाही म्हणून.

डॉक्टरांकडे गेले ती दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, अहवाल वर पाठवून झाल्यावर. डॉक्टरांनी विचारलं, किती वाजता झालं हे? मी म्हटलं, काल रात्री दहा-सव्वादहाला. त्यांनी पेन खाली ठेवलं. मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा मध्येच अडला होता आणि आपोआप मोकळा झाला होता. त्याला टीआयए म्हणतात, काहीजण पक्षाघाताचा छोटा झटका म्हणतात. पण तो अडथळा आपोआप सुटणार आहे की नाही, हे त्या घडीला कुणालाच कळत नाही. सुटला नाही तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि एकदा असा झटका येऊन गेला की मोठ्या झटक्याचा सगळ्यात जास्त धोका पहिल्या ४८ तासांत असतो. त्यातले १८ तास मी आकडे जुळवण्यात, झोपण्यात आणि अहवालावर शेवटची नजर फिरवण्यात घालवले होते. घरात मी आणि एक चौदा वर्षांचं पोर. झोपेत काही झालं असतं तर सकाळी मी त्यालाच दिसले असते.

नवरा त्याच रात्री परत आला. ओरडला नाही. "पोराला तरी सांगायचंस," एवढंच म्हणाला. मुलाला कळलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, "मी हसलो होतो." त्यात तुझी काही चूक नाही, हे मी त्याला किती वेळा सांगितलं त्याची गणती नाही. पुढचे कितीतरी महिने तो रात्री झोपायच्या आधी दारात येऊन उभा राहायचा. "आई, सत्तावन्न म्हण." मी म्हणायचे. मग तो झोपायला जायचा.

यावर तुम्ही काय म्हणता ते मला पाठ आहे. आईला बीपी होतं, तुलाही व्हायचंच होतं, नोकरीला कशाला दोष देतेस? डॉक्टरही साधारण हेच म्हणाले. अंगातच असलेलं बीपी, सात महिने न घेतलेली गोळी, पाच तासांची झोप, दिवसभर बसून काम. यातलं नेमकं काय भोवलं ते सांगता येत नाही. मी मात्र सुरुवातीला एक आकडा पाठ करून ठेवला होता आणि तो ज्याच्या त्याच्या तोंडावर फेकायचे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून काढलेला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. माझे तास ६० च्या घरात होते. तो आकडा हातात आला तेव्हा मला फार हायसं वाटलं होतं, दोष माझ्याकडून दुसरीकडे गेल्यासारखं.

मग दादाने ते हायसं वाटणं काढून घेतलं. म्हणाला, "खालच्या जागेवर गेलीस म्हणून वाचलीस, हे कुणी सांगितलं तुला?" ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला होता. त्यात हृदयविकाराने मरणारे वरच्या हुद्द्यांपेक्षा खालच्या हुद्द्यांवर जास्त निघाले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात आपल्या कामावर आपला ताबा किती, याचाही हृदयविकाराशी संबंध दिसला. मी दादाशी आठवडाभर बोलले नाही. तो बरोबर बोलला होता म्हणून. आता मला रजा मागावी लागते, पूर्वी मी द्यायचे. माझ्या दिवसाची आखणी आता दुसरं कुणीतरी करतं. त्याचाही ताण येतो, आणि तो चिडचिडा ताण असतो, त्यात अभिमानाला जागा नसते.

एक मैत्रीण म्हणते, तुला बर्नआउट झाला होता. नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याचं जे वर्णन केलं त्यात तीन गोष्टी आहेत: थकून रिकामं होणं, कामापासून मन उडणं, आणि हातून नीट काम न होणं. मी थकायचे, सगळेच थकतात. पण माझं मन उडालं नव्हतं आणि काम चोख होतं. मन उडालं असतं तर त्या रात्री मी बाथरूममधून थेट मुलाकडे गेले असते.

मी कधी कधी त्या रात्रीच्या माझ्याशी भांडते. ती मला म्हणते, बारा माणसं ताटकळत होती, त्यांनाही घर होतं, मी उठून गेले असते तर ती रात्रभर अडकली असती. मी म्हणते, कुणाला तरी ती ओळ सापडलीच असती. ती म्हणते, कशावरून? तर यावरून, की पुढच्या महिन्याचं क्लोजिंग, म्हणजे महिनाअखेरीचे हिशेब जुळवणं, माझ्याविना झालं. पावणेबाराऐवजी पावणेदोनला संपलं. माझी किंमत दोन तास निघाली. मला मैत्रिणीचा "झालं बरं का" असा मेसेज आला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मी उशीत तोंड खुपसून रडले. यातून कुणाची बाजू खरी ठरली ते मला आजही सांगता येत नाही.

आता तब्येत ठीक आहे. सकाळी दोन गोळ्या, एक बीपीची आणि एक रक्तात गुठळी होऊ नये म्हणून. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालते. त्याचे दीडशे मिनिटं होतात, आणि मोठ्या माणसाने आठवड्याला निदान एवढी हालचाल करावीच असं सांगतात. सात तास झोपते. परवाचं बीपी १२६/८० होतं, पाय टेकवून, न बोलता घेतलेलं. तुम्ही म्हणता, हे सगळं टीम सांभाळूनही करता येईल. येईल. करणारी माणसं मी पाहिली आहेत. वेळापत्रक बसवणं मला जमत नाही असं नाही, तोच तर माझा व्यवसाय होता. एकोणतीस दिवस मी ते काटेकोर पाळीन. तिसाव्या रात्री तोंड वाकडं झालं तर मी कुठे जाईन, याची मला खात्री नाही. एकदा मी कुठे गेले ते मला माहीत आहे. दुखण्याची भीती कमी झाली आहे. त्या खुर्चीत परत जाऊन बसलेल्या बाईची भीती कमी झालेली नाही. आणि तिची आठवणही येते, रोज येते.

जी सध्या टीम बघते तिने परवा रात्री दहाला फोन केला. तिमाहीअखेर होती. फरक सापडत नव्हता, पोरगी रडकुंडीला आली होती. "ताई, फक्त पाच मिनिटं." मी लॅपटॉप उघडला. ती ओळी वाचत होती, मी ऐकत होते, आणि माझ्या अंगात जुनी तरतरी भरत गेली. मुलगा दारात आला. "किती वेळ लागेल?" मी बोटांनी पाच दाखवले.

फरक मीच शोधून दिला. फोन ठेवला तेव्हा पावणेअकरा होत होते. तो अजून दारातच बसला होता, भिंतीला टेकून, पुस्तक मांडीवर उघडं ठेवून.