सांध्याचा रकाना

जिथे मी मातीची भांडी भाजायला भट्टी भाड्याने घेते, तिथल्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे : ‘कामात तडा, सांधा किंवा दुरुस्ती आहे का?’ ‘होय’ लिहिलं की पान उलटायचं आणि नुकसान झाल्यास जबाबदारी माझी, अशी सही करायची. या रकान्याने मला सात आठवडे रखडवलं. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहून टाकते.

मी करत होते ती दालहांगारी. नावात डाळ नाही; कोरियन भाषेत ‘दाल’ म्हणजे चंद्र आणि ‘हांगारी’ म्हणजे रांजण. कोरियाच्या जोसन राजवटीत, 17व्या शतकाच्या अखेरीपासून 18व्या शतकात घडलेले हे पांढरे पोर्सेलीनचे (चिनी मातीचे) घडे, उंची 40 सेंमीच्या आसपास. एवढा मोठा गोल चाकावर एका दमात उचलायला गेलं तर माती बसते. म्हणून दोन मोठे कटोरे करायचे आणि तोंडाला तोंड लावून जोडायचे. पोटावर सांधा राहतो, भट्टीत घडा जरा कलतो, आणि लोक नेमकं तेच बघायला जातात. मुलाकडे लंडनला गेले होते, तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये बर्नार्ड लीच या ब्रिटिश कुंभाराने 1935 साली सोलमध्ये विकत घेतलेला घडा बघितला. एका बाजूने पौर्णिमेचा चंद्र, दुसऱ्या बाजूने दबलेली उशी. मी त्याच्याभोवती घुटमळत राहिले. मुलगा कंटाळून कॉफी प्यायला गेला.

घरी माझे पहिले दोन घडे सांध्यावर उकलले. एक कटोरा जास्त सुकलेला, दुसरा ओला, एवढंच कारण. तिसरा जमला. पोर्सेलीनच्या वाटेला गेले नाही, स्टोनवेअर नावाची पांढरी माती घेतली. ओला असताना 46 सेंमी. भाजून बारा टक्के आकसला तरी 40च्या वर राहावा म्हणून.

आणि मग तो फॉर्म.

प्रामाणिकपणे ‘होय’ लिहिलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काकू, सांधा उघडला तर बाकीच्यांचे कप फुटतील. पूर्ण भट्टी बुक करा.” पूर्ण भट्टीचे पैसे ऐकून मी म्हटलं, बरं, वरचा थर तेवढा द्या. त्यावर ‘भट्टी भरली की कळवतो’. जुलैचा पुण्यातला पाऊस, स्वयंपाकघरात ओट्याशेजारी जुन्या साडीत गुंडाळलेला घडा, आणि मी रोज सकाळी त्याला गाल लावून बघतेय. गार लागला तर आत ओल आहे. दोन आठवडे गारच लागत होता, त्यामुळे पहिली तारीख हुकली ती माझ्याच बाजूने, हे कबूल. दुसऱ्या तारखेला भट्टी भरली नाही. तिसऱ्या तारखेला रिक्षात मांडीवर घेऊन गेले, खड्ड्यागणिक रिक्षावाल्याला “दादा, हळू” म्हणत. तर भट्टीची कॉइल जळलेली. फोन करायचं कुणाला सुचलं नव्हतं! तसाच परत आणला.

चौथ्या खेपेला फॉर्म नवा, कारण जुना महिन्यात बाद होतो. मी विनंती केली की पहिली आच 90 अंशांवर रात्रभर धरा; पाणी उकळायच्या आत उरलेली ओल निघून जाऊ दे, नाहीतर वाफेने घडा फुटतो. “तसा रकाना नाही, काकू.” मग समासात पेनाने लिहिलं, त्याच्यासमोर, आणि त्याच्याकडून सही घेतली. खरं सांगायचं तर त्याची भीती खोटी नव्हती. दुसऱ्याच्या फुटलेल्या भांड्याचा तुकडा माझ्या वाडग्याच्या ग्लेझमध्ये, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपात, रुतून आलेला मी स्वतः बघितलाय. पण सांधा आणि तडा एकाच रकान्यात घालणाऱ्याने कधी माठसुद्धा नीट बघितला नसावा.

बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, निघालं. ग्लेझच्या भट्टीसाठी परत तोच फॉर्म, परत तोच रकाना. या वेळी लिहिलं : ‘सांधा आहे, मुद्दाम ठेवलाय.’ बाकी काही अडलं नाही. 1240 अंशांवर घडा निघाला; सांध्याच्या वर थोडा फुगलेला, डावीकडे कललेला. काउंटरवरचा मुलगा फिरून फिरून बघत होता. “हा वाकडा झाला, काकू. तक्रार लिहायचीय का?” मी म्हटलं, लिहायची तर आहे, पण घड्याबद्दल नाही.

हो, एक राहिलंच : दोन्ही कडा कॅलिपरने मोजा आणि दोन्ही कटोरे एकाच दिवशी, एकाच प्लास्टिकखाली ठेवा. खालचा किंचित कडक चालतो, वजन त्याला पेलायचं असतं. आणि भट्टीवाल्याचा नंबर काउंटरवरचा नको, जो प्रत्यक्ष भट्टी लावतो त्याचा घ्या. मला तो सहाव्या आठवड्यात मिळाला.