लेख वाचा, पण निकालपत्र उघडून ठेवा

इंदूरच्या कोर्टात मी मुख्यतः पोटगीची कामं बघते. नवीन ज्युनिअर आली की तिला मी शाहबानो खटल्यावरचे संशोधनलेख शोधायला बसवते. खटला आपल्याच गावचा. नवरा इथलाच वकील, १९७८ मधला अर्जही इथल्याच मॅजिस्ट्रेटपुढे झालेला. गूगल स्कॉलरवर नाव टाकलं की लेखांचा ढीग समोर येतो आणि "ताई, एवढं सगळं वाचायचं?" हा प्रश्न ठरलेला.

एवढं सगळं कुणीच वाचत नाही. आधी आपल्याला काय हवंय ते एका ओळीत लिहायचं. 'शाहबानो' हा विषय झाला. 'घटस्फोटित मुस्लिम बाईला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते का' हा प्रश्न झाला. मग लेखाचा सारांश आणि शेवटचा भाग वाचायचा. तिथे आपल्या प्रश्नाला हात घातलेला नसेल, तर लेख कितीही नावाजलेला असो, बाजूला ठेवायचा.

नंतर लेखाचं साल बघायचं. १९८५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर घटस्फोटित मुस्लिम बायकांच्या हक्कांबद्दलचा १९८६ चा कायदा आला. २००१ मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला, पण इद्दतच्या (घटस्फोटानंतर बाईने पुन्हा लग्न करण्याआधी थांबायच्या) मुदतीतच नवऱ्याने घटस्फोटित बाईच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करायची, असा त्याचा अर्थ लावला. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम १२५ ची वाटही तिला मोकळी असल्याचं सांगितलं, आणि त्याच महिन्यात नव्या संहितेचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १४४ त्या जागी लागू झालं. १९९० चा लेख १९८६ च्या कायद्यापाशीच थांबणार.

माझा खरा जीव तळटिपांवर. लेखात 'शाहबानोला सर्वोच्च न्यायालयाने पोटगी दिली' असं दिसलं की खालचा संदर्भ घ्यायचा, एआयआर १९८५ एससी ९४५ (म्हणजे 'ऑल इंडिया रिपोर्टर' या निकालसंग्रहातला पत्ता), आणि इंडियन कानून या संकेतस्थळावर मूळ निकाल उघडायचा. फुकट मिळतो. त्यात दिसतं की मॅजिस्ट्रेटने महिना २५ रुपये दिले होते आणि उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. सर्वोच्च न्यायालयाने रक्कम वाढवलीच नाही. नवऱ्याचं अपील फेटाळलं, १०,००० रुपये खर्च बसवला आणि वाढीसाठी तिला वेगळा अर्ज करता येईल असं म्हटलं. नवऱ्याचं उत्पन्न वर्षाला सुमारे ६०,००० रुपये, हा आकडाही तिथेच आहे, पण तो बाईच्या बाजूचा दावा म्हणून. कोर्टाचा निष्कर्ष म्हणून नाही. लेखातून आकडा उचलताना नेमका हा फरक गळतो, आणि समोरचा वकील तिथेच पकडतो.

राज्यघटनेच्या कलम १४१ प्रमाणे बंधन असतं ते सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेल्या कायद्याचं, प्राध्यापकांच्या मताचं नाही. म्हणून युक्तिवादात मी निकाल पुढे करते. लेखाने दाखवलेली दोन निकालांमधली विसंगती मात्र जरूर वापरते. माझ्या मते चांगल्या लेखाचं मोल तेच.

पैसे भरल्याशिवाय लेख उघडत नसेल तर एसएसआरएन या संशोधनलेखांच्या संकेतस्थळावर लेखकाने स्वतः ठेवलेला मसुदा बऱ्याचदा सापडतो. तो छापील लेखाहून वेगळा असू शकतो, त्यामुळे पान क्रमांक त्यावरून देऊ नये. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले प्रबंध संदर्भसूचीसाठी उत्तम. तिथेही नसेल तर लेखकाला सरळ ईमेल करावा.