गव्हाळ रंगाला कोणती लोकर खुलते

गेल्या मार्गशीर्षात मी माझ्या भाचीसाठी फिकट जांभळ्या लोकरीचे स्वेटर विणले. लोकर मऊ होती, माप अचूक बसले होते, गळ्याची पट्टीही मनासारखी उतरली होती. रविवारी सकाळी परभणीच्या आमच्या अंगणात तिने ते अंगात घातले आणि ओट्यावर तूर निवडत बसलेल्या माझ्या आईने वर पाहून विचारले, "अगं, तापातून उठल्यासारखी दिसायली की ही. जेवली का नाही?" भाचीची तब्येत ठणठणीत होती, पण चेहरा खरोखरच पिवळट वाटत होता आणि डोळ्यांखाली एरवी न दिसणारी काळी छाया उमटली होती. थंडी वाजते म्हणून तिने खुंटीवरची माझी जुनी मोहरी रंगाची शाल खांद्यांवरून ओढून घेतली आणि स्वेटर झाकला गेला. त्याच क्षणी तिचा चेहरा उजळला. तीच मुलगी, तेच ऊन, मधे फक्त एक शाल आली होती.

पंचवीसहून अधिक वर्षे मी विणते आहे. टाके किती घालायचे, बाही कुठे कमी करत न्यायची, कोणत्या लोकरीला किती नंबरची सुई लागते याचा विचार मी नेहमी केला. पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्याशी लोकरीचा रंग काय करतो, हा प्रश्न मी स्वतःला कधी नीट विचारलाच नव्हता. त्या सकाळनंतर संपूर्ण थंडीभर मी घरातल्या आणि शेजारपाजारच्या प्रत्येकाच्या हनुवटीखाली लोकरीचे गोळे धरून पाहिले आणि त्यातून जे हाती लागले ते येथे लिहिते आहे. आपल्याकडे थंडी थोडक्या दिवसांची असते हे खरे, परंतु परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात काही वर्षी पारा 5 अंशांच्याही खाली उतरतो, आणि ते आठ-दहा आठवडे स्वेटर सकाळ-संध्याकाळ अंगावर असतो. जे वस्त्र सतत चेहऱ्याला लागून असते, त्याचा रंग मन लावून निवडला पाहिजे.

आपल्या समाजात रंगाचा विचार होतो तो गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा या एकाच शिडीवर. लग्नाच्या परिचयपत्रात ‘वर्ण’ म्हणून जे लिहिले जाते तेही तेच. मग सावळ्या मुलीला लहानपणापासून ऐकवले जाते की तू फिकट घाल, गडद तुला शोभत नाही. आणि ती बिचारी आयुष्यभर फिक्कट गुलाबी आणि आकाशी रंगांत वावरत राहते. हा सल्ला मला मनापासून खटकतो, कारण तो चुकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्वचा किती उजळ आहे ही एक गोष्ट आणि त्या उजळपणाच्या किंवा सावळेपणाच्या आत कोणती झाक आहे ही दुसरी. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात जिला ‘अंडरटोन’ म्हणतात ती हीच झाक. गोऱ्या माणसाची झाक पिवळसर असू शकते आणि सावळ्या माणसाची निळसर; उलटही तितकेच संभवते. त्वचेतले मेलॅनिन तपकिरी असते, रक्तातले हिमोग्लोबिन तांबडे असते आणि आहारातून येणारे कॅरोटीन पिवळसर असते. या तिघांच्या कमी-अधिक प्रमाणातून आणि त्वचेच्या जाडीतून ती झाक ठरते. उन्हात कापूस वेचून हात काळवंडतात, पण आतली झाक सहसा बदलत नाही. म्हणून ती पाहायची असेल तर चेहऱ्याच्या किंवा मनगटाच्या वरच्या बाजूपेक्षा कोपराच्या आतली त्वचा पाहावी.

पिवळसर झाकेला उबदार म्हणतात आणि निळसर किंवा गुलाबी झाकेला थंड. उबदार झाक ओळखण्याच्या काही युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात. मनगटावरच्या नसा हिरवट दिसल्या तर झाक पिवळसर, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर थंड, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. परंतु सावळ्या हातावर नसा धड दिसतच नाहीत, त्यामुळे आपल्याकडे ही युक्ती अर्ध्या लोकांना निरुपयोगी ठरते. सोने खुलते की चांदी, या कसोटीवरही माझा फार भरवसा नाही, कारण आपल्याला सोने पाहण्याची इतकी सवय असते की ते सर्वांनाच छान दिसते असे वाटते. मला सर्वांत खरी वाटली ती ओढण्यांची कसोटी. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पूर्वेच्या खिडकीपाशी, तोंड धुऊन, पावडर न लावता बसावे. केस पांढऱ्या पंचाने झाकावेत. आणि हनुवटीखाली एकदा शुभ्र पांढरी ओढणी व एकदा दुधावरच्या सायीच्या रंगाची ओढणी धरावी. पाहणाऱ्याने ओढणीकडे पाहू नये, डोळ्यांखालची त्वचा, ओठांच्या कडा आणि जबड्याची रेघ पाहावी. उबदार झाकेच्या चेहऱ्यावर शुभ्र पांढऱ्याने त्या जागा काळवंडतात आणि सायीच्या रंगाने निवळतात. माझ्या भाचीच्या बाबतीत हा फरक इतका स्पष्ट होता की तिच्या धाकट्या भावालाही तो सांगता आला.

असे का होते, याचे कारण शोधताना मला मिशेल यूजीन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची हकिगत पुन्हा आठवली. पॅरिसच्या गोबलाँ या सरकारी विणकाम कारखान्यात तो 1824 पासून रंगाई विभागाचा प्रमुख होता. निळ्या आणि जांभळ्या भागांशेजारी विणलेला काळा रंग निस्तेज दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने काळी लोकर तपासली तेव्हा तिच्यात खोट नव्हती; दोष शेजारच्या रंगाचा होता. 1839 साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा गाभा असा की शेजारी ठेवलेला प्रत्येक रंग दुसऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची झाक टाकतो. जांभळ्याचा विरोधी रंग पिवळा. फिकट जांभळ्या स्वेटरने माझ्या भाचीच्या आधीच पिवळसर असलेल्या त्वचेत आणखी पिवळेपणा भरला होता, म्हणून ती आजारी दिसली. लोकरीच्या कारखान्यातला जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न आमच्या अंगणात जसाच्या तसा उभा राहिला, याचे मला फार अप्रूप वाटले.

यावरून कोणी असा अर्थ काढेल की उबदार झाकेच्या माणसाने निळा, हिरवा किंवा गुलाबी घालूच नये. तसे मुळीच नाही. प्रत्येक रंगाला उबदार आणि थंड अशा दोन बाजू असतात आणि निवड रंगाची नसते, त्या बाजूची असते. लाल घ्यायचा तर विटकरी, शेंदरी किंवा पिकल्या टोमॅटोचा. राणी आणि गुलबक्षी यांच्यात निळा मिसळलेला असतो, ते बाजूला ठेवावेत. गुलाबी हवाच असेल तर अबोलीच्या फुलाकडे पाहावे. हिरव्यात शेवाळी आणि मेंदीचा रंग उत्तम. निळ्यात मोरपंखी, कारण त्यातला हिरवा निळ्याचा थंडपणा मोडतो. तपकिरी रंगाचे तर सारे घराणेच आपले आहे: चॉकलेटी, बदामी, खारकेचा, चिंचेच्या टरफलाचा. पिवळ्याच्या बाबतीत मात्र थोडी सावधगिरी हवी. लिंबाच्या पिवळ्यात हिरवट झाक असते आणि ती चेहऱ्यावर चढते. मी लोकर घ्यायला जाताना पिशवीत वसमतच्या हळदीचे एक हळकुंड ठेवते. ते मोडले की आत जो नारिंगीकडे झुकलेला खोल पिवळा रंग दिसतो, त्याच्या जवळचा गोळा शेड कार्डावर, म्हणजे लोकरीच्या रंगांचे नमुने लावलेल्या पत्र्यावर, सापडला तर तो घ्यावा. वरच्या धुरकट सालीच्या रंगाचा गोळा मात्र कोणालाच शोभत नाही.

उजळपणाची शिडी येथे पुन्हा कामाला येते, पण ती दुसऱ्या पायरीवर. झाक ठरवते ती रंगाची बाजू, आणि उजळपणा ठरवतो ती रंगाची खोली. सावळ्या उबदार त्वचेवर गडद विटकरी, गडद मोहरी, गडद शेवाळी हे रंग अतिशय देखणे दिसतात, आणि ज्यांना आयुष्यभर फिकट घालायला सांगितले गेले त्यांनी एकदा तरी ते अंगावर धरून पाहावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गव्हाळ त्वचेला मध्यम खोलीचे रंग बरे. पिवळसर गोऱ्या त्वचेवर फार गडद चॉकलेटी जड वाटतो, तेथे बदामी किंवा पीचचा रंग हलका बसतो.

शंका असेल त्याने अजिंठ्याला जाऊन यावे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर शांतपणे उभे राहिले की त्या चित्रकारांना हे गणित किती नेमके उमगले होते ते कळते. त्यांचे रंग बहुतांशी मातीचे होते: तांबडा गेरू, पिवळा गेरू, हिरवी माती, दिव्याची काजळी, चुन्याचा पांढरा, निळा तेवढा लाजवर्दाच्या दगडाचा. त्या भिंतींवर गव्हाळ माणसे आहेत तशी अगदी काळीसावळीही आहेत, आणि गेरूच्या नि हिरव्या मातीच्या शेजारी त्या सगळ्यांचे वर्ण तेजस्वी दिसतात. मी तेथून परत आले आणि माझ्या शेड कार्डावर त्या पाच-सहा रंगांपुढे पेन्सिलीने खुणा केल्या.

काळ्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण ‘काळा सर्वांना चालतो’ हे वाक्य मी प्रत्येक दुकानात ऐकते. कारखान्यात रंगवलेल्या काळ्या लोकरीत बहुधा निळसर झाक असते आणि उबदार चेहरा तिच्यापुढे ओढल्यासारखा दिसतो. याउलट आपल्याकडच्या धनगरांचे घोंगडे पाहा. दख्खनी मेंढीची काळी लोकर रंगवलेली नसते. तिचा काळा उन्हात धरला की तपकिरी निघतो आणि जुना झाला की आणखी तांबूस होतो. माझ्या आजोबांच्या खांद्यावर ते घोंगडे जसे शोभे तसा कोणताही काळा कोट शोभला नसता. म्हणून ज्यांना काळा हवाच असतो त्यांना मी गडद कॉफीच्या रंगाची लोकर सुचवते. पांढऱ्याचेही तसेच आहे. मेंढीची पांढरी लोकर मुळात सायीच्या रंगाची असते, ती शुभ्र करायची तर रसायनांनी विरंजन करावे लागते आणि तरीही उन्हाने ती पुन्हा पिवळी पडू लागते. तिला तिच्या मूळ रंगात राहू दिले तर ज्वारीच्या ताज्या पिठासारखी ती झाक गव्हाळ चेहऱ्याला विनासायास जुळते.

आपल्या बाजारात मिळणारी बहुतेक ‘लोकर’ प्रत्यक्षात ॲक्रिलिकची असते, हेही ध्यानात ठेवावे. ती स्वस्त असते, धुवायला सोपी असते आणि आपल्या थंडीला पुरेशी ऊब देते, त्यामुळे मी तिला नावे ठेवत नाही. मात्र ॲक्रिलिकवर चढणारे रंग फार झळाळतात. तोच केशरी खऱ्या लोकरीवर मुरलेला दिसतो आणि ॲक्रिलिकवर डोळ्यांत घुसतो. म्हणून ॲक्रिलिक घेताना मनात असलेल्या रंगापेक्षा एक पायरी मवाळ शेड निवडावी. शिवाय विणल्यावर टाक्यांच्या खाचांत सावली पडते आणि गोळ्यापेक्षा कापड थोडे गडद दिसते, विशेषतः एक सुलट एक उलट अशा उभ्या पट्ट्यांच्या विणीत. त्यासाठी आधी एकच गोळा आणून 10 सेंटिमीटरचा चौकोन विणावा आणि तो हनुवटीखाली धरावा. पसंत पडला तर उरलेले सर्व गोळे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच खेपेत रंगवलेले, घ्यावेत, नाहीतर पाठ एका छटेची आणि पुढचा भाग दुसऱ्या छटेचा होतो.

माझी मूळ चूकही दुकानातच झाली होती. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात मला ती लोकर धुरकट गुलाबी वाटली होती आणि दुकानदाराने गोळा रस्त्यावर नेऊन पाहू दिला नाही; मीही हट्ट धरला नाही. आता मी दिवसाउजेडीच जाते आणि गोळा उन्हात पाहिल्याशिवाय पैसे देत नाही.

घरात आधीच असलेले थंड रंगाचे स्वेटर टाकून देण्याची मात्र गरज नाही. रंगाचा परिणाम चेहऱ्याजवळ सर्वाधिक असतो, म्हणून गोल बंद गळ्याऐवजी व्ही आकाराचा गळा असेल तर निम्मे काम होते. उरलेले काम आतून दिसणारी मोहरी किंवा विटकरी ओढणी करते. शाळेच्या गडद निळ्या स्वेटरला पर्याय नसतो, पण शाळा सुटल्यावर मुलांच्या गळ्याभोवती एक उबदार रंगाचा मफलर येऊ शकतो, आणि मफलरला जेमतेम दोन-तीन गोळे लागतात.

ते फिकट जांभळे स्वेटर मी उसवणार होते. पण माझ्या वहिनीने ते सहज अंगावर धरून पाहिले. तिची त्वचा मुलीपेक्षा सावळी आहे, झाक मात्र गुलाबीकडे जाणारी, आणि तो रंग तिच्या चेहऱ्याशी असा काही मिळाला की आईने तूर निवडता निवडता हात थांबवला. आता ते वहिनीचे झाले आहे. भाचीसाठी विटकरी लोकर आणली आहे. पाठ आणि पुढचा भाग पूर्ण झाला असून उजव्या बाहीचे टाके काल रात्री सुईवर घातले आहेत.